दोन काळांतला तपास : ऐतिहासिक रहस्यकादंबरी कशी वाचावी

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा हे दोन्ही वाङ्मयप्रकार मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचे आहेत. परंतु या दोहोंच्या मिलाफातून घडलेला आणि एकाच वेळी दोन काळांत चालणारा कादंबरीप्रकार मराठीत अजून पुरेसा रुळलेला नाही. या प्रकारात कथेचा एक पदर भूतकाळात असतो, दुसरा वर्तमानात किंवा निदान पहिल्यापेक्षा बराच अलीकडच्या काळात असतो, आणि पहिल्या काळात घडलेल्या व अर्धवट झाकल्या गेलेल्या एखाद्या घटनेचा उलगडा दुसऱ्या काळातील माणसे करू पाहतात. अशा रचनेला सोयीसाठी ‘दुहेरी कालपट’ म्हणता येईल. कालपट म्हणजे कथेतील घटना ज्या काळाच्या विस्तारावर मांडलेल्या असतात तो विस्तार. तो दुहेरी झाला की वाचकाला दोन जगे, दोन भाषाव्यवहार आणि दोन प्रकारचे नीतिनियम एकाच वेळी मनात धरून ठेवावे लागतात.

साध्या रहस्यकथेत गुन्हा नुकताच घडलेला असतो, साक्षीदार हयात असतात आणि तपास करणारा त्यांना समोर बसवून प्रश्न विचारू शकतो. दुहेरी कालपटाच्या कादंबरीत ही सोय नसते. साक्षीदार शंभर, दोनशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वी मरण पावलेले असतात आणि त्यांच्या मागे उरलेले कागद, वस्तू, वास्तू व तोंडी परंपरा एवढ्यावरच सारा तपास चालवावा लागतो. म्हणून अशा कादंबरीतील शोधकाचे काम पोलिसी तपासापेक्षा इतिहाससंशोधनाला अधिक जवळचे असते, आणि तिच्या वाचकालाही पुराव्याची पारख करण्याची सवय लावून घ्यावी लागते. या कादंबरीची खरी किंमत शेवटी खुनी कोण निघाला यावर ठरत नाही. जे घडले, जे नोंदवले गेले आणि जे नंतर रचले गेले या तीन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची जी दृष्टी ती वाचकाला देते, तिच्यावर ठरते. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या गावातील वाचकाला या दृष्टीची गरज विशेष आहे, कारण त्याच्या भोवतीची काळी जमीन अशा अनेक काळांचे थर पोटात घेऊन आहे. त्याचा विचार पुढे येईलच. आधी या कादंबरीची रचना समजून घेणे आवश्यक आहे.

दोन काळांना जोडणारा दुवा

दोन काळ एकाच पुस्तकात आणले म्हणजे कादंबरी आपोआप एकसंध होत नाही. त्यांना जोडणारा एक ठोस दुवा लागतो. हा दुवा साधारणपणे चार प्रकारचा असतो. पहिला वस्तूचा, म्हणजे हिरा, तलवार, मूर्ती, नाणे यांपैकी काहीतरी हातोहात फिरत एका काळातून दुसऱ्या काळात येते. दुसरा दस्तऐवजाचा, म्हणजे पत्र, रोजनिशी, हिशेबाची वही किंवा ताम्रपट अचानक हाती लागतो. तिसरा स्थळाचा, म्हणजे किल्ला, वाडा, विहीर किंवा पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड दोन्ही काळांतील घटनांचे ठिकाण असते. चौथा वंशाचा, म्हणजे पूर्वजांनी केलेल्या कृत्याचे ओझे किंवा वारसा वंशजांकडे येतो. चांगला लेखक यांपैकी दोन-तीन दुवे एकमेकांत गुंतवतो; वाचकाने पहिल्या काही प्रकरणांतच मुख्य दुवा कोणता हे ओळखले, तर पुढची गुंतागुंत त्याला सहज पेलते.

विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची १८६८ साली चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी वस्तूच्या दुव्याचे उत्तम उदाहरण आहे. तिचा आरंभ इंग्लंडमध्ये होत नाही. तो १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होतो. टिपू सुलतानाच्या पाडावाच्या वेळी चाललेल्या लुटीत एक इंग्रज अधिकारी मूळचा सोमनाथच्या चंद्रदेवतेचा म्हणून वर्णिलेला पिवळा हिरा बळकावतो, आणि पुढे १८४८ साली यॉर्कशायरमधील एका घरात, एका तरुणीच्या अठराव्या वाढदिवसाच्या रात्री, तोच हिरा नाहीसा होतो. घरातील चोरीचा तपास करता करता वाचकाच्या लक्षात येते की, त्या रात्रीच्या चोरीच्या मागे एक जुनी, अधिक मोठी आणि कोणत्याही न्यायालयासमोर न आलेली चोरी उभी आहे. कॉलिन्सने ही कथा एका निवेदकाच्या तोंडून सांगितलेली नाही. निवेदक म्हणजे कथा सांगणारा आवाज. येथे वृद्ध कारभारी, नात्यातील धर्मवेडी बाई, वकील आणि डॉक्टरांचा मदतनीस अशी निरनिराळी माणसे आपापल्या पुरतीच हकिकत लिहून देतात, आणि प्रत्येकाने आपल्याला प्रत्यक्ष माहीत असलेलेच सांगावे असे बंधन त्यांच्यावर घातलेले आहे. त्यामुळे प्रत्येकाच्या कथनातील पूर्वग्रह बाजूला काढून घटना जुळवण्याचे काम वाचकाकडे येते.

स्थळ आणि वंश या दोन्ही दुव्यांचे भारतीय उदाहरण शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या ‘दुर्गरहस्य’ या ब्योमकेश बक्षी नावाच्या गुप्तहेराच्या बंगाली कथेत सापडते. १८५७ च्या धामधुमीत एका घराण्याने आपली संपत्ती किल्ल्यात लपवली, आणि कित्येक दशकांनंतर त्याच किल्ल्यात झालेल्या मृत्यूचा माग काढताना ब्योमकेशला त्या जुन्या काळाकडे वळावे लागते, अशी या कथेची मांडणी आहे. १९३२ साली ब्योमकेश या पात्राला जन्म देणारे शरदिंदु मुंबईतील चित्रपटलेखन सोडून पुढे पुण्यात स्थायिक झाले आणि शिवकालाच्या पार्श्वभूमीवर सदाशिव नावाच्या मुलाच्या साहसकथा त्यांनी बंगाली वाचकांसाठी लिहिल्या. महाराष्ट्राचा इतिहास आणि रहस्याची मांडणी यांचा असा संगम एका बंगाली लेखकाने महाराष्ट्रात राहून साधला, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तिसरे उदाहरण दस्तऐवजाच्या दुव्याचे आहे. जोसेफीन टे यांच्या १९५१ सालच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ या कादंबरीत रुग्णालयात खिळून पडलेला एक पोलीस अधिकारी इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांचा खून करवला, या १४८३ च्या सुमाराच्या आरोपाची छाननी करतो. तो घटनास्थळी जाऊ शकत नाही, त्याच्याजवळ केवळ पुस्तके, कागदांच्या नकला आणि एक चित्र आहे; तरीही आरोप प्रथम कोणी लिहिला, लिहिणारा त्या वेळी किती वर्षांचा होता आणि आरोपाचा लाभ कोणाला झाला, असे प्रश्न विचारत तो सर्वमान्य इतिहासाला हादरा देतो. २०१२ साली याच राजाचे अवशेष लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली सापडले. त्या शोधाने पुतण्यांच्या खुनाचा प्रश्न सुटला नाही, परंतु राजाच्या वाकलेल्या कण्याविषयीच्या जुन्या वर्णनांत कितपत तथ्य होते हे मात्र हाडांवरून तपासता आले. कागदाने सांगितलेली गोष्ट आणि मातीने सांगितलेली गोष्ट यांची अशी गाठ पडणे, हाच या कादंबरीप्रकाराचा गाभा आहे.

कथेचा क्रम आणि घटनांचा क्रम

अशी कादंबरी वाचताना पहिली अडचण क्रमाची येते. घटना ज्या क्रमाने घडल्या तो घटनाक्रम आणि लेखकाने त्या ज्या क्रमाने सांगितल्या तो कथनक्रम, हे दोन क्रम येथे हेतुपुरस्सर वेगळे ठेवलेले असतात. एक प्रकरण आजचे, पुढचे दोनशे वर्षांपूर्वीचे, अशी आलटून-पालटून मांडणी करून लेखक दोन्हीकडची उत्कंठा एकाच वेळी वाढवत नेतो. वाचकाने दोन रकान्यांची छोटी टिपणवही जवळ ठेवली, एका रकान्यात जुन्या काळातील घटना त्यांच्या तारखांसह आणि दुसऱ्यात शोधकाला त्या घटनेविषयी कोणत्या पानावर काय कळले हे टिपले, तर कादंबरीचा आराखडा स्पष्ट दिसू लागतो. त्यातूनच एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते : वाचकाला भूतकाळातील प्रकरणांतून जे ठाऊक झालेले असते, ते वर्तमानातील शोधकाला ठाऊक नसते. पात्रापेक्षा प्रेक्षकाला अधिक माहिती असल्यामुळे निर्माण होणाऱ्या या ताणाला नाट्यशास्त्रीय समीक्षेत नाट्यात्म उपरोध म्हणतात. शोधक चुकीच्या दिशेने निघाला आहे हे वाचकाला दिसते, आणि जिवंत माणसांना त्यांचे पूर्वज किती अपुरे कळतात याची जाणीव त्याला प्रकर्षाने होते.

दुसरी अडचण निवेदकाच्या विश्वासार्हतेची असते. जुन्या काळातील प्रकरण जर त्रयस्थ निवेदनात असेल, तर ते लेखकाने वाचकाला दिलेले ‘खरे’ समजावे. परंतु ते रोजनिशी किंवा पत्र या रूपात असेल, तर लिहिणाऱ्याचा हेतू, त्याचे भय आणि त्याचा धनी कोण हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये. याच कसोटीला संशोधक साधनचिकित्सा म्हणतात. साधन समकालीन आहे की उत्तरकालीन, लिहिणारा प्रत्यक्षदर्शी आहे की ऐकीव माहितीवर लिहितो आहे, आणि त्याच्या म्हणण्याला दुसऱ्या, स्वतंत्र साधनाचा दुजोरा आहे काय, हे तीन प्रश्न तिच्या मुळाशी असतात.

मराठी परंपरेतील जागा

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’चा (१८७१) उल्लेख केला जातो. त्यानंतर हरि नारायण आपटे, नाथमाधव यांच्यापासून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ (१९६२) आणि विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’पर्यंत (१९८८) ही परंपरा समृद्ध होत गेली, परंतु या कादंबऱ्या प्रामुख्याने एकाच काळात राहतात, त्या काळातील थोर व्यक्तींच्या अंतःकरणात शिरतात आणि वाचकाला त्यांच्याविषयी आदर किंवा करुणा वाटायला लावतात. दुसरीकडे बाबुराव अर्नाळकरांनी मोठ्या संख्येने लिहिलेल्या रहस्यकथांनी अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, पण त्यांचा काळ वर्तमानाचा होता. ऐतिहासिक कादंबरीत प्रश्न विचारणारा शोधक नव्हता आणि रहस्यकथेत इतिहास नव्हता, त्यामुळे दोन्ही प्रवाह दीर्घकाळ स्वतंत्र वाहत राहिले.

अलीकडे हे अंतर कमी होऊ लागले आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे आणि उत्खननाची दृष्टी घेऊन तो आपल्या गावाच्या व समाजाच्या अनेक काळांत वावरतो. ती रहस्यकादंबरी नव्हे, तरी काळाचे थर एकमेकांवर ठेवून वाचण्याची सवय ती मराठी वाचकाला लावते. डॉ. प्रकाश कोयाडे यांची ‘प्रतिपश्चंद्र’ ही कादंबरी तर वर्तमानातील शोध आणि शिवकाल यांना उघडपणे रहस्याच्या सूत्राने जोडते, आणि तिला तरुण वाचकांचा जो प्रतिसाद लाभला त्यावरून या प्रकाराची भूक मराठीत आहे हे स्पष्ट होते.

या प्रकाराला लागणारी सामग्री मराठ्यांच्या इतिहासात विपुल आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, खून केला आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याची चौकशी करून थेट सत्ताधारी रघुनाथरावांना दोषी ठरवले. हुकमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले ही लोकांच्या तोंडी रुळलेली हकिकत आणि चौकशीतून पुढे आलेला पुरावा यांच्यातील अंतर हाच एका कादंबरीचा विषय होऊ शकतो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन वावरणाऱ्या तोतयाचे प्रकरण तर अनेक वर्षे चालले आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शिक्षा होऊन संपले. एखादा माणूस तोच आहे हे सिद्ध कसे करायचे, त्याला ओळखणाऱ्यांच्या आशा-आकांक्षा साक्षीत किती मिसळतात, आणि राज्यकर्त्यांना कोणता निर्णय सोयीचा असतो, हे तीनही प्रश्न आजच्या न्यायालयातही तितकेच जिवंत आहेत.

तारीख आणि लिपी : वाचकाची हत्यारे

दुहेरी कालपटाच्या कादंबरीत रहस्याची किल्ली पुष्कळदा तारखेत दडलेली असते, आणि मराठी कागदांच्या बाबतीत तारीख ही सरळ गोष्ट नाही. एकाच वर्षासाठी निरनिराळ्या कालगणना वापरात होत्या. शालिवाहन शकात ७८ मिळवले की साधारणपणे इसवी सन येतो. दक्षिणेतील फसली सन महसुलाच्या हिशेबासाठी वापरत आणि त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. मराठी कागदांत अरबी संख्यानामांनी लिहिला जाणारा शुहूर सन मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतो, म्हणून इसवी वर्षाच्या पूर्वार्धात की उत्तरार्धात घटना घडली यानुसार त्यात ६०० किंवा ५९९ मिळवावे लागतात. हिजरी वर्ष चांद्रमानाचे, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे दर ३३ वर्षांच्या आसपास ते सौरवर्षाच्या एक वर्ष पुढे सरकते, आणि म्हणून त्याला एकच ठरावीक आकडा लावता येत नाही. नारायणरावांच्या खुनाचे उदाहरण घेतले तर इसवी सन १७७३, शके १६९५, फसली ११८३ आणि शुहूर सन ११७४ हे चारही आकडे एकाच ऑगस्ट महिन्याला लागू पडतात. कादंबरीतील एखाद्या पत्रावरची तारीख या हिशेबात बसत नसेल, तर लेखकाची चूक आहे, की पत्र बनावट असल्याची खूण त्याने मुद्दाम पेरली आहे, हे सजग वाचक ताडू शकतो.

लिपीचेही तसेच आहे. मराठी राज्यकारभाराचे बहुसंख्य कागद मोडी लिपीत आहेत. ती न थांबता, हात न उचलता लिहिण्याची लिपी असून तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नाही. त्यामुळे एकाच ओळीचे दोन वाचक दोन अर्थ लावू शकतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा घटनेच्या वेळी लिहिलेली पत्रे आणि नंतर लिहिलेल्या बखरी यांच्या विश्वसनीयतेत केवढा फरक आहे हे त्यांनी निःसंदिग्धपणे दाखवून दिले. बखर म्हणजे एखाद्या पुरुषाचे, घराण्याचे किंवा प्रसंगाचे गद्य कथन. तिच्यात भाषेचे वैभव असते, परंतु तपशिलाच्या बाबतीत ती समकालीन पत्राची बरोबरी करू शकत नाही. जुन्या काळाचे चित्रण करताना लेखकाने कोणत्या साधनावर भिस्त ठेवली आहे हे वाचकाने ओळखावे. तसेच कालविपर्यासाकडे, म्हणजे त्या काळात नसलेली वस्तू, शब्द किंवा विचार तेथे घुसडण्याच्या दोषाकडेही, लक्ष ठेवावे. चुकीच्या वस्तूपेक्षा चुकीचा विचार अधिक घातक असतो. अठराव्या शतकातील शिलेदाराच्या तोंडी आजच्या राष्ट्रकल्पना घातल्या की त्या काळाचे वेगळेपणच नष्ट होते.

वरवट बकालच्या परिसरातील काळाचे थर

हे सारे वाचनशास्त्र वरवट बकालच्या आसपासच्या भूभागाला लावून पाहिले, तर त्याचा उपयोग अधिक स्पष्ट होतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी आणि मध्ये कपाशी पिकवणारी काळी जमीन, अशा या पट्ट्यातील बराच भाग खारपाण पट्टा म्हणून ओळखला जातो. येथील भूजल खारट असल्यामुळे पिण्याच्या व ओलिताच्या पाण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येथील माणसांच्या जीवनाला वळण देत आला आहे. याच संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली २००२ नंतरच्या काही वर्षांत तेथे उत्खनन झाले, तेव्हा इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमाराच्या वस्तीचे, भाजक्या विटांच्या बौद्ध स्तूपाचे आणि मातीची भाजलेली कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरींचे अवशेष उजेडात आले. वऱ्हाडच्या ज्या भागाला केवळ शेतीचा मुलूख समजले जाते, तेथे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी विटा भाजणारे, विहिरी बांधणारे आणि स्तूप उभारणारे नागर जीवन नांदत होते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

दुहेरी कालपटाच्या कादंबरीसाठी भोनइतके समर्पक स्थळ शोधूनही सापडणे कठीण आहे. पाण्यासाठी कड्यांच्या विहिरी खोदणारी प्राचीन वस्ती एका बाजूला आणि जिगाव सिंचन प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात आलेले आजचे गाव दुसऱ्या बाजूला, असे दोन काळ येथे पाण्याच्याच सूत्राने जोडलेले आहेत. खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याला ओलित हवे आहे आणि त्याच ओलितासाठी बांधलेल्या धरणाचे पाणी त्याच्या पूर्वजांच्या पुराव्यावर चढणार आहे. या पेचात कोणीही खलपुरुष नाही, आणि म्हणूनच तो कादंबरीकाराच्या प्रतिभेला आव्हान देणारा आहे. पुरातत्त्वातील थराचा नियम येथे वाचकाच्या उपयोगी पडतो : जमीन विस्कटलेली नसेल तर खालचा थर जुना व वरचा नवा असतो, आणि वस्तू कोणत्या थरात सापडली ही माहिती हरवली की त्या वस्तूची साक्ष जवळजवळ निकामी होते. कादंबरीतील पुराव्यालाही हाच नियम लावावा. संदर्भातून उचकटलेला पुरावा कितीही चकचकीत असला तरी त्यावर निष्कर्ष उभारू नये.

संग्रामपूरच्या पूर्वेला लागून असलेल्या तेल्हारा तालुक्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. इंग्रजी कागदांत या लढाईचे स्थळ ‘अर्गाम’ या नावाने येते, त्यामुळे केवळ इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्याला ते गाव आपल्या शेजारचे आहे याचा पत्ताही लागत नाही. येथे ‘द मूनस्टोन’चा धागा पुन्हा हाती येतो. ज्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून ती कादंबरी सुरू होते, त्या मोहिमेत हाच वेलस्ली होता आणि शहर पडल्यावर तेथील कारभार त्याच्याकडेच सोपवला गेला होता. इंग्रजी साहित्यातील एका प्रसिद्ध रहस्याच्या मुळाशी असलेली सत्ताविस्ताराची लाट अवघ्या चार वर्षांत वऱ्हाडच्या कपाशीच्या शिवारात येऊन पोचली होती, हे कळल्यावर ती कादंबरी दूरच्या देशातील घराची गोष्ट राहत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागातही अशीच उदाहरणे आहेत. साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेच्या राजकारणाची दिशा बदलली. मेहकर येथे १८८८ साली जमिनीखालून शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली. ती कोणत्या पिढीने, कोणत्या भयापोटी मातीआड केली असेल हा प्रश्न मूर्तीच्या घडणीची शैली, पुरल्याची जागा आणि परिसराचा राजकीय इतिहास या तिन्हींच्या साह्याने विचारावा लागतो. लोणारच्या सरोवराचे रहस्य तर मानवी इतिहासाच्याही पलीकडचे आहे. ते ज्वालामुखीचे विवर समजले जात असे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघातामुळेच निर्माण होणाऱ्या खुणा तेथील खडकांत दाखवण्यात आल्या आणि ते अशनिपाताने झाले हे मान्य झाले. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०१० च्या सुमारास आर्गॉनवर आधारित दुसऱ्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे काढण्यात आले. पुरावा तोच, पण त्याला विचारलेला प्रश्न आणि मोजण्याचे साधन बदलले की उत्तर बदलते. रहस्यकादंबरीच्या शेवटच्या पानावरील उलगड्याकडेही वाचकाने याच नम्रतेने पाहावे.

खजिन्याचा मोह आणि पुराव्याचे मोल

या कादंबरीप्रकाराचा एक धोकाही सांगितला पाहिजे. पुष्कळ लेखक दोन काळांना जोडण्यासाठी गुप्तधनाचा आधार घेतात, कारण खजिन्याची ओढ वाचकाला लगेच लागते. परंतु वास्तवात गुप्तधनाच्या आशेने पांढरीची टेकाडे, जुनी मंदिरे आणि गढ्या रात्री खोदल्या जातात, त्यात सोने क्वचितच निघते आणि थरांची साक्ष मात्र कायमची नष्ट होते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, प्राचीन वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर १९७२ च्या कायद्याचे नियंत्रण आहे, आणि गुप्तधनाच्या नावाखाली केले जाणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. ज्या कादंबरीत शोधक खजिना मिळवून श्रीमंत होतो ती वाचकाची करमणूक करते. ज्या कादंबरीत शोधकाला एखादे विसरलेले नाव किंवा एखादा दडपलेला अन्याय उजेडात आणता येतो, किंवा एखाद्या निरपराध माणसावरचा खोटा आळ पुराव्यानिशी दूर करता येतो, ती वाचकाची विवेकबुद्धी घडवते. दोन्हींतील हा फरक ओळखणे हीच अशा वाचनाची परीक्षा आहे.

म्हणून पुस्तक मिटल्यावर वाचन संपले असे समजू नये. कादंबरीतील कोणत्या व्यक्ती, तारखा आणि स्थळे खरी आहेत आणि कोणती लेखकाने निर्मिली आहेत, हे पडताळून पाहावे. वऱ्हाडपुरते बोलायचे तर आल्फ्रेड लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर, बुलढाणा जिल्ह्याचे १९१० चे गॅझेटियर आणि यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ ही पुस्तके या कामी आजही उपयोगी पडतात. त्यांतील माहितीही वर सांगितलेल्या कसोट्यांवर घासूनच स्वीकारावी. वरवट बकाल, संग्रामपूर, पातुर्डा, शेगाव या भागातील शाळा-महाविद्यालयांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्यांच्या शेजारीच या साधनग्रंथांची मांडणी केली, आणि एक कादंबरी व तिच्यामागचे एक साधन असे जोडवाचन विद्यार्थ्यांकडून करून घेतले, तर इतिहासाविषयीचे प्रेम आंधळे राहणार नाही. तसेच या गावांतील ज्या जुन्या घरांत मोडी कागदांची दप्तरे, खरेदीखते, वतनाचे कागद किंवा वंशावळी असतील, त्या घरच्या मंडळींनी ती रद्दीत घालू नयेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि जाणकारांकडून ती वाचून घ्यावीत. उद्याच्या संशोधकाला आणि उद्याच्या कादंबरीकाराला या भूमीविषयी खरे सांगायचे असेल, तर त्याला त्या कागदांचाच आधार लागणार आहे.